फ्लेक्सवरची ओळ गावात कशी न्यायची: ग्रामीण कॉलेजातल्या प्राध्यापकांसाठी

आमच्या कॉलेजात प्राचार्यांच्या केबिनबाहेर एक फ्लेक्स आहे. 'समाजाभिमुख व शाश्वत संशोधन आणि अध्यापन' ही त्यावरची मोठी ओळ. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हणून तो लावला. समिती येऊन गेली, फ्लेक्स राहिला.

त्या ओळीचा अर्थ मला समजावला एका आजीनं. जुलैचा पहिला आठवडा होता, पेरण्या चालू होत्या आणि मी चाळीस पोरांना बारा पानी प्रश्नावली देऊन गावात उतरवलं होतं. गावात होते फक्त म्हातारे, लहान लेकरं आणि कुत्री. ओट्यावर बसलेली आजी म्हणाली, "मांगच्या सालीबी पोट्टे आल्ते बापू. सारं लिहून नेलं. मंग काय झालं त्याचं?" मागच्या वर्षीची ती पोरं आमच्याच कॉलेजची होती, हे मला नंतर स्टाफरूमच्या कपाटातल्या गठ्ठ्यावरून कळलं. गठ्ठ्याची सुतळीसुद्धा कोणी सोडली नव्हती.

खालची सगळी पद्धत त्या प्रश्नातून आली आहे. पश्चिम विदर्भाच्या कापूस-सोयाबीन पट्ट्यातला माझा अनुभव यात जास्त आहे. पूर्वेकडच्या, धानाच्या झाडीपट्टीतल्यांनी हंगाम बदलून वाचावं.

आधी तासांचा हिशेब

वेगळं अनुदान मिळेल तेव्हा सुरू करू, असं म्हणत बसू नका. लागणारे तास अभ्यासक्रमात आधीच आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभागाचे श्रेयांक (क्रेडिट) आले आहेत. कोणत्या सत्राला किती, ते आपापल्या विद्यापीठाच्या आराखड्यात पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगानं सामाजिक बांधिलकीचा जो अभ्यासक्रम सुचवला आहे तो २ श्रेयांकांचा, ३० तासांचा आहे, आणि त्यातला निम्मा वेळ गावात जावा अशी अपेक्षा आहे. म्हणजे १५ तास, म्हणजेच तीन-तीन तासांच्या पाच फेऱ्या. राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास द्यावे लागतात आणि वर सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. रासेयोचा कार्यक्रम अधिकारी आणि विषयाचा प्राध्यापक एकाच गावात, एकाच प्रश्नावर काम करायला लागले की तासांची अडचण उरत नाही. अडचण येते ती दोघांच्या मानापमानाची, आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

गाव निवडताना एसटीचं वेळापत्रक पाहा

२०१४ साली सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानात संस्थेनं किमान पाच गावं दत्तक घ्यायची असतात. घ्या. पण खोल काम एकाच गावात करा. पोरं सकाळच्या एसटीनं जाऊन दुपारच्या एसटीनं परत येतील एवढ्याच अंतरावरचं गाव घ्या. खासगी गाडी करावी लागली की दुसऱ्या वर्षी फेऱ्या बंद पडतात.

'दत्तक' हा शब्द मला आवडत नाही. दत्तक लेकराला घेतात, आणि गाव आपल्या कॉलेजाहून कितीतरी जुनं असतं. कागदावर लिहावाच लागतो तो शब्द, पण गावात उच्चारू नका.

चांगला नमुना आपल्याच भागात आहे. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलं. तिथे एमबीबीएसच्या प्रत्येक नव्या तुकडीला एक गाव मिळतं. पहिल्याच वर्षी विद्यार्थी त्या गावात शिबिराला राहतात, प्रत्येकाकडे काही कुटुंबं सोपवली जातात आणि पुढेही त्या घरांशी त्यांचं येणंजाणं राहतं. डॉक्टर होण्याआधी त्या पोराला चार घरांचा चहा आणि चार घरांची भांडणं माहीत झालेली असतात. हे आपल्या कला, वाणिज्य, विज्ञान शाखांनाही सहज जमण्यासारखं आहे.

पहिल्या तीन फेऱ्या रिकाम्या हातानं

फॉर्म नाही, वही नाही, मोबाइलवर फोटो नाही. दोन-दोन पोरं पाठवा आणि बसायला सांगा: पारावर, पिठाच्या गिरणीवर, कृषी केंद्राच्या बाकड्यावर. बायांशी बोलायचं तर बचत गटाच्या बैठकीचा दिवस धरा आणि मुलींना पाठवा. आशाताई आणि अंगणवाडीताईंना आधी भेटा. गावातली खरी माहिती त्यांच्याकडे असते आणि त्यांना कोणी विचारत नाही.

या तीन फेऱ्यांत गावाचं कॅलेंडर तयार करा. जूनमध्ये पेरणी, मग डवरणी-निंदण, ऑगस्ट-सप्टेंबरात फवारण्या, दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी म्हणजे कापणी, त्यानंतर जानेवारीपर्यंत कापसाचा वेचा. पूर्वेकडे जुलैत रोवणी, दिवाळीच्या सुमारास धान कापणी, मार्च-एप्रिलात पहाटे मोहफूल वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याला अख्खं घर बाहेर. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा आणि झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. रात्रभर नाटक पाहिलेल्या गावात सकाळी आठची बैठक लावणाऱ्या प्राध्यापकाची कीव करावी तेवढी थोडी. विद्यापीठाचं परीक्षा वेळापत्रक या कॅलेंडरशेजारी ठेवून दोन्हींमधल्या मोकळ्या जागा शोधा. वर्षात मोजून पाच-सहा आठवडे निघतात, आणि तेवढे पुरतात.

प्रश्न गावातून येऊ द्या

इथे मी सगळ्यात जास्त चुकलो, म्हणून इथे जास्त लिहितो.

२०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. त्यानंतर आम्ही एक प्रकल्प ठरवला: शेतकऱ्यांना कीटकनाशकाच्या डब्यावरचं लेबल समजतं का? प्रश्न दिसायला चोख. लेबलवर विषाच्या तीव्रतेप्रमाणे रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्या मानानं सौम्य. आम्ही रंगीत कार्डं छापली आणि पोरं कार्डं दाखवत फिरू लागली. तिसऱ्याच घरी एक फवारणी मजूर म्हणाला, "सर, डबा पाह्यला कोनं? मालक धुऱ्यावर बकेटीत कालवून ठेवते, आमी पंपात ओततो."

आमचा प्रश्न तिथेच संपला. ज्याच्या अंगावर औषध उडतं त्याच्या हातात डबा येतच नसेल, तर त्याला लेबल वाचायला शिकवून काय होणार? नवे प्रश्न त्यानंच दिले. कालवतं कोण, एका बकेटीत किती औषधं एकत्र पडतात, वावरात हात धुवायला पाणी असतं का, रिकामा डबा जातो कुठे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकून पोरं गप्प झाली. काही घरांत रिकामे डबे धुऊन वापरात होते. विषबाधा झालेल्या माणसाला दवाखान्यात नेताना डबा सोबत नेतात का, या प्रश्नावर बहुतेकांनी नाही म्हटलं. औषध कोणतं हे डॉक्टरांना कळलं नाही तर उपचाराची दिशा ठरवणं अवघड जातं. आमच्या वर्षभराच्या कामातून गावाच्या हाती पडलेली खरी उपयोगाची गोष्ट म्हणजे एक पान: डबा फेकू नका, दवाखान्यात सोबत न्या. आणि वावरात साबण व पाण्याची कॅन.

एक सांभाळा. औषधाचं प्रमाण किंवा पर्याय पोरांनी कधीही सांगायचा नाही. तो प्रश्न आला की कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांकडे न्यायचा.

प्रश्न लहान असला म्हणजे संशोधन लहान होतं, हा गैरसमज विद्यापीठाच्या शोधप्रबंधांनी पसरवला आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोनच गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोगाचा त्रास निघाला. १९८९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण, ही जगभरची समजूत हलली. पुढे त्यांनीच गावातल्या बायांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि १९९९च्या अभ्यासात बालमृत्यू किती घटले ते आकड्यांनिशी दाखवलं. आज आशाताई घरोघर जाऊन बाळ तपासते, त्याचं एक मूळ इथे आहे.

प्रश्न पक्का करण्याआधी मी आता पोरांना एवढंच विचारतो: उत्तर 'हो' आलं तर गावात कोण काय वेगळं करेल? 'नाही' आलं तर? दोन्हींचं उत्तर 'काहीच नाही' असेल तर तो विषय सोडून द्यायचा, मार्गदर्शकाला कितीही आवडो.

परवानगी: सरपंचाच्या सहीवर थांबू नका

सरपंच चांगला माणूस असेल, पण तो म्हणजे गाव नव्हे. ग्रामसभेत विषय मांडा. पत्र ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) आधी द्या, विषयपत्रिकेत घ्यायला सांगा, ठराव लिहून घ्या आणि त्याची प्रत मागा. पत्रात तीन गोष्टी हव्यात: काय विचारणार, किती दिवस, आणि निष्कर्ष कोणत्या तारखेच्या ग्रामसभेत सांगणार. या तिसऱ्या ओळीनं आम्हाला नंतर बांधून ठेवलं, आणि ते बरंच झालं.

पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा जिथे लागू आहे) किंवा सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात हे औपचारिक समजू नका. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा सगळ्यांनी ऐकलेली असते. तिथले अभ्यासगट मात्र कमी लोकांना माहीत असतात. गावकरी एखादा विषय घेऊन बसतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावतात, चर्चा करतात आणि मग निर्णय ग्रामसभेत होतो. अशा गावात तुम्ही अभ्यासगटाचे एक सभासद म्हणून बसा. प्रमुख पाहुण्याची खुर्ची मागू नका.

ग्रामसभेच्या ठरावानंतरही प्रत्येक माणसाची स्वतःची संमती वेगळी घ्यायची. त्याच्या बोलीत समजावून, मधेच नाही म्हणायची मोकळीक देऊन. कोलाम पोडावर (वस्तीवर) कोलामी, मेळघाटात कोरकू, पूर्वेला गोंडी बोलणारा विद्यार्थी तुमच्या वर्गात बहुधा असतोच. त्याला दुभाषा न म्हणता सहसंशोधक म्हणून नोंदवा आणि अहवालावर त्याचं नाव घाला. आधार क्रमांक, बँक खातं, जात यांपैकी जे प्रश्नाला लागत नाही ते विचारूच नका. कुणाचा अर्धा दिवस मोडणार असाल तर त्याची रोजी द्या. संध्याकाळी जा, म्हणजे तो प्रश्नच येत नाही.

दोन ठिकाणी मी स्वतः रेघ ओढली आहे. शेतकरी आत्महत्या झालेल्या घरी पदवीच्या पोराला फॉर्म घेऊन पाठवायचं नाही. विदर्भातल्या त्या घरांनी पत्रकार, पुढारी, संशोधक सगळ्यांना तेच तेच सांगितलं आहे. प्रत्येक वेळी ती माउली तो दिवस पुन्हा जगते आणि हातात काही पडत नाही. कर्जाचा अभ्यास करायचा तर सोसायटीच्या नोंदी आहेत, बियाण्या-खतांची बिलं आहेत, जिवंत शेतकऱ्यांचे हिशेब आहेत. दुसरी रेघ वैदूंच्या औषधी वनस्पतींबाबत. २००२च्या जैवविविधता कायद्यानं गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही आणली. वनस्पतींची माहिती आधी तिथे, त्या समितीच्या संमतीनं नोंदवा. पीएच.डी.च्या घाईत वैदूचं ज्ञान आपल्या नावानं छापू नका.

मोजायला शिकवा: विहिरीचं उदाहरण

कोणत्याही शाखेच्या पोरांना जमेल असं काम म्हणजे विहिरींची पातळी मोजणं. गावातल्या दहा-पंधरा विहिरी निवडा, काही चढावर, काही मधे, काही नाल्याजवळ. प्रत्येकीच्या काठावर ऑइलपेंटनं एक खूण करा आणि दर वेळी तिथूनच मोजा. वजन बांधलेला ३० मीटरचा टेप सोडा, आकडा दोनदा घ्या, आणि खुणेची जमिनीपासूनची उंची वजा करा. मे महिन्याच्या अखेरीस एकदा आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात एकदा मोजणी करा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या पावसाळ्यानं विहिरीला दिलेलं पाणी.

मोजणी सकाळी, मोटर सुरू व्हायच्या आधी करायची. पण कृषिपंपाची लाइन अनेकदा रात्रीची असते. म्हणून आधी विचारा, "राती लाइन होती का?" हे न विचारता घेतलेले आमचे एका वर्षाचे आकडे फेकून द्यावे लागले. आणि आपल्याकडे कठडा नसलेल्या विहिरी पुष्कळ, तेव्हा टेप सोडणारा पोटावर झोपेल आणि दुसरा त्याचे पाय धरेल. विहिरीत कुणीही उतरायचं नाही. हा नियम मोडणारा पुढच्या फेरीला येत नाही.

आता वर्गात या. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत दर मीटरला सुमारे २८ हजार लिटर पाणी असतं. ३ मीटर पाणी दिसलं तर ८५ हजार लिटर. ऐकायला खूप वाटतं. पण एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १० हजार लिटर, आणि हरभऱ्याला एका ओलितात पाच सेंटिमीटर द्यायचे तर पाच लाख लिटर हवेत. दिसतं ते पाणी गरजेच्या सहाव्या हिश्श्याएवढं. बाकीचं झऱ्यांनी भरून दिलं तर ओलीत, नाही तर मोटर हवा ओढणार. म्हणून मोटर बंद केल्यावर दर तासाला पातळी किती वर येते, तेही एकदा मोजा. हे गणित फळ्यावर झालं त्या दिवशी मागच्या बाकावरचा एक पोरगा उठून म्हणाला, "सर, म्हणूनच माह्या बाप दोन तासांनी मोटर बंद करते." त्याच्या बापाला सूत्र माहीत नव्हतं, विहीर माहीत होती.

अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पातळीपेक्षा क्षार मोजा. साधा टीडीएस मीटर पुरतो. पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चांगले, दुसरा स्रोत नसेल तर २०००पर्यंत चालवून घेतात. फ्लोराइडची शंका असेल तर हातातल्या किटवर विसंबू नका, नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवा. १.५ मिलिग्रॅमच्या वर आकडा आला तर त्याच आठवड्यात ग्रामपंचायत आणि पंचायत समितीला लेखी कळवा. शोधनिबंध छापून येईपर्यंत लोक तेच पाणी पीत असतात.

वर्गातली बाकीची माणसं

हे विज्ञानवाल्यांचं काम म्हणून बाकीचे सुटतात. वाणिज्यची पोरं एका एकर कापसाचा पेरणीपासून वेच्यापर्यंतचा ताळेबंद मांडू शकतात, घरच्या माणसांची मजुरी धरून आणि न धरून. मराठी विभागाला शेतीतले बोलीशब्द आहेत. डवरा, धुरा, सोंगणी, पऱ्हाटी हे शब्द आमच्या निम्म्या वर्गाला लिहिताना लाजल्यासारखं होतं, इथूनच सुरुवात करा. गुण देताना टाइप केलेल्या अहवालाला कमी ठेवा आणि गावासमोर उभं राहून सांगण्याला जास्त. कॉपी तिथे चालत नाही.

कॉलेजच्या आवाराबद्दल एवढंच: गावाला पाण्यावर भाषण देणाऱ्या कॉलेजच्या टाकीतून पाणी वाहत असेल, तर पोरं पाहत असतात.

परत देणं

अहवाल ग्रामसभेत मांडा आणि वेळ नीट निवडा. पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा साधारण २ ऑक्टोबरपासून हिवाळ्यात तयार होतो. तुमचा निष्कर्ष त्याआधी पोहोचला तर त्यातून एखादं काम आराखड्यात शिरू शकतं. मार्चमध्ये पोहोचला तर टाळ्या मिळतील, काम नाही.

पॉवरपॉइंट नको, लाइन जाते. ड्रॉइंग पेपरवर मोठ्या अक्षरात विहिरींची चित्रं काढा, मे महिन्याची पातळी लाल आणि ऑक्टोबरची निळी. आकडे फुटात सांगा, गाव फुटातच बोलतं. मालकाच्या नावानं विहीर दाखवायची असेल तर आधी त्याला विचारा, नाही तर सभेत विहिरींची चर्चा राहून भाऊबंदकीची होते. लोक म्हणतील, तुमचा अमुक आकडा चूक आहे. तो लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा मोजा. आमच्या एका सभेत तीन आकडे चुकीचे निघाले. पोरांचे चेहरे पडले, पण पुढच्या मोजणीला गावातले चार जण आपणहून टेप धरायला आले.

तुकडी गेली तरी

पोरं तीन-चार वर्षांत जातात, प्राध्यापकाची बदली होते, प्राचार्य निवृत्त होतात. म्हणून कामात पहिल्या दिवसापासून दोन प्राध्यापक ठेवा, एक ज्येष्ठ आणि एक नवा. शेवटच्या वर्षाच्या पोरांनी पहिल्या वर्षाच्या पोरांना सोबत नेऊन विहिरी दाखवायच्या, हाच त्यांच्या तोंडी परीक्षेचा एक भाग करा. गावात राहणारा एखादा माजी विद्यार्थी असतोच. मोजणीची सूत्रं हळूहळू त्याच्याकडे जाऊ द्या.

नोंदी दोन वह्यांत ठेवा, जाड पुठ्ठ्याच्या. एक विभागाच्या कपाटात, दुसरी ग्रामपंचायतीत. पेनड्राइव्ह हरवतो आणि गुगल शीटचा पासवर्ड बदलीबरोबर जातो. वहीच्या पहिल्या पानावर ठरावाचा क्रमांक, दुसऱ्यावर विहिरींचा हातानं काढलेला नकाशा आणि कुठली खूण कुठल्या दगडावर आहे ते. दर मोजणीनंतर खाली दोन सह्या, एक विद्यार्थ्याची आणि एक गावकऱ्याची. आणि त्या सह्यांच्या खाली, पान उलटायच्या आधी, पुढच्या मोजणीची तारीख.